मापट्यांना साखर आहे

या सगळ्याचं मूळ म्हणजे शिंपी. तो त्या दिवशी गप्प बसला असता तर मापटे आजही रोज दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात ते नारिंगी, फसफसणारं पेय घशाखाली ओतत सुखाने उभे असते. पण शिंप्याला गप्प बसवेना. त्याने मापट्यांची पँट उलटी केली, कंबरेची शिवण बोटांनी चाचपली आणि घरातलं कुणी गेल्यासारख्या आवाजात म्हणाला, "साहेब, माया संपली."

शिवणकामाशी ज्यांचा संबंध बटण तुटण्यापुरताच येतो, त्यांच्यासाठी सांगायला हवं की माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. अंग सुटलं की शिवण उसवायची, थोडी माया सोडायची आणि पुन्हा शिवायचं. मोहमाया सोडावी असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. मापटे ती गेली काही वर्षं पँटमधून सोडत आले होते आणि आता सोडायला काही उरलं नव्हतं.

मापटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनं पारखायची आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. त्यात ते इतके काटेकोर होते की एकदा स्वतःच्या मेव्हण्याच्या दुकानाचा काटा त्यांनी सील केला होता, आणि तो मेव्हणा अजूनही त्यांच्याशी फक्त बायकोमार्फत बोलतो. तेव्हापासून कचेरीत त्यांना मापटे हे नाव पडलं आणि पुढे ते इतकं रुळलं की पगाराच्या दिवशी रोखपालही तेच नाव पुकारायचा. सगळ्या गावाचं वजन पाहणाऱ्या माणसाची स्वतःचीच माया संपावी, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली.

घरी येऊन त्यांनी विचार केला. जेवण तसं बेताचं होतं. घोडं पेंड खात होतं ते पिण्यात. सकाळी बाटलीतलं गुलाबी सरबत, दुपारी ते नारिंगी, संध्याकाळी दमून आल्यावर पुन्हा काहीतरी थंड आणि गोड. तेव्हा यापुढे फक्त चहा, आणि तोही बिनसाखरेचा, असं त्यांनी जाहीर केलं. बायकोने मान वरसुद्धा केली नाही. तिने आजवर पहाटेचं फिरणं, दोऱ्यावरच्या उड्या आणि एक महागडी लवचिक पट्टी असे अनेक संकल्प नव्याच्या नऊ दिवसांत गेलेले पाहिले होते. ती पट्टी सध्या गाद्या बांधायला वापरत होते.

पण या वेळी गंमत झाली. पहिले काही दिवस तो चहा ओल्या सुतळीच्या पाण्यासारखा लागला, हे खरं. मापटे डोळे मिटून प्यायचे. आणि मग हळूहळू त्यात चहा नावाचं काहीतरी लागायला लागलं. इतकी वर्षं आपण साखरच पीत होतो आणि चहा फक्त तिला रंग द्यायला होता, असा एक विचार त्यांना सुचला, आणि तो त्यांनी बायकोला दोनदा ऐकवला.

घरचं जमलं. अडलं ते कचेरीत.

कचेरीत चहा मावशी द्यायच्या. त्यांच्याकडे एक भली मोठी किटली असे, जिच्यात दूध, पाणी, पत्ती आणि साखर सगळं एकदमच उकळून आलेलं असे. साखर वेगळी काढणं म्हणजे भिजलेल्या माणसातून पाऊस वेगळा काढण्यासारखं. दुसरा एक छोटा, लाल झाकणाचा थर्मास असे. त्यातला चहा बिनसाखरेचा. तो रोखपाल, जुन्या दप्तरखान्यातले आजोबा आणि ड्रायव्हर या साखरवाल्या, म्हणजे मधुमेह असलेल्या, मंडळींना मोजून पुरेल इतकाच असायचा.

पहिल्या दिवशी मापटे म्हणाले, "मावशी, साखर नको." मावशी हसल्या आणि किटलीतला चहा ओतून पुढे गेल्या. त्यांच्या अनुभवात नको म्हणणारी माणसं फक्त संकोचाने नको म्हणत असत, आणि असा संकोच मोडून काढणं हे त्या आपलं काम समजत. दुसऱ्या दिवशी मापट्यांनी थर्मासकडे बोट दाखवलं. मावशी थांबल्या. त्यांनी मापट्यांना खालपासून वर न्याहाळलं आणि विचारलं, "साखर आहे तुम्हाला?"

"नाही."

"मग?" असं म्हणून त्यांनी किटली वाकवली. ज्यांना नाही त्यांना थर्मासमधला दिला तर ज्यांना आहे त्यांना कुठून देऊ, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

मापटे दुपारभर त्यावर विचार करत बसले. आपल्या भाषेने इथे माणसाची चांगलीच कोंडी केली आहे. ज्याला साखर आहे त्याला साखर मिळत नाही, आणि ज्याला नाही त्याला नको असली तरी मिळते. याउपर शहाण्या माणसाने करायचं काय? तिसऱ्या दिवशी मावशींनी पुन्हा विचारलं, "साखर आहे?" मापट्यांनी इकडेतिकडे पाहिलं. एरवी गुंजभरही इकडचं तिकडे न करणारा हा माणूस. पण आपण 'मला' असं कुठे म्हणतोय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. साखर आहे. दुकानात आहे, घरी डब्यात आहे, जगात सगळीकडे आहे.

"आहे," ते म्हणाले.

मावशींच्या चेहऱ्यावर एकदम माया आली, म्हणजे शिंप्याची नव्हे, खरी. त्यांनी थर्मास उघडला, कप काठोकाठ भरला आणि जपून राहा असं सांगून त्या गेल्या. चहा फक्कड होता. मापट्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

शेजारच्या टेबलावर आवक-जावक कारकून बसायचा. त्याला दवंडी म्हणत, आणि का म्हणत ते सांगायची गरज नाही. कचेरीत आलेलं पत्र योग्य टेबलावर पोहोचायला आठवडा घेणारा हा माणूस, कानावर आलेली बातमी जेवणाच्या सुट्टीच्या आत साऱ्या इमारतीत पोहोचवत असे. त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. आपल्याला कळलेलं दुसऱ्याला कळलं नाही तर त्याला घास गिळवत नसे, इतकंच.

संध्याकाळपर्यंत दप्तरखान्यातले आजोबा मापट्यांजवळ येऊन बसले आणि त्यांनी पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी रोखपालाने त्यांना पायाची बोटं रोज आरशात पाहायला सांगितलं. साखरवाल्यांचा तो एक छोटासा संघच होता, आणि त्यात नवा सभासद आल्याचा त्यांना दुःखमिश्रित आनंद झाला होता. मापटे सांगायला गेले की तसं काही नाही हो. त्यावर आजोबा समजुतीने हसले. म्हणाले, सुरुवातीला सगळेच नाही म्हणतात.

घरी पोहोचले तर बायको दारातच उभी. दवंडीची बायको आणि समोरच्या घरातल्या काकू एकाच शिवणवर्गाला जात. त्यामुळे बातमी मापट्यांच्या आधी, आणि बसचं भाडं न देता, घरी येऊन बसली होती.

"अहो, मला न सांगता साखर झाली तुम्हाला?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

आता नवऱ्याला साखर झाली याचं दुःख जास्त की समोरच्या काकूंकडून कळली याचं, हे ठरवणं अवघड होतं. मापट्यांनी तिला बसवलं, थर्मास, किटली, आहे आणि नाही हे सगळं उलगडून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली की इतकी विचित्र गोष्ट कुणी मनाने रचू शकत नाही, तेव्हा खरीच असणार. पण समोरच्या काकूंना हे तुम्हीच समजावा, माझ्याच्याने होणार नाही.

समोरच्या काकू ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या सांगणाऱ्यांतल्या होत्या. त्यांनी कसल्याशा पाल्याचा हिरवागार रस पाठवला, जो इतका कडू होता की नंतर बराच वेळ मापट्यांना पाणीही कडू लागलं. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या मास्तरांनी अनवाणी गवतावर चालायला सांगितलं. जवळपास गवत नसल्याने त्यांनी स्वतःच मापट्यांना पोलीस ठाण्यापुढच्या वर्तुळातल्या हिरवळीवर नेलं, तिथे हवालदाराने दोघांना हटकलं, आणि वाढत्या वयात बूट हातात घेऊन सरकारी हिरवळीवरून पळायची वेळ मापट्यांवर आली. मेव्हण्यानेदेखील बहिणीमार्फत निरोप धाडला, की ज्याने दुसऱ्याचा काटा बंद केला त्याचा देवाने बंद केला. निरोपात जरा समाधानाचा वास होता.

इथवर ठीक होतं. माणसाचा अपमान झाला तरी पँट सैल होत होती. पण मग मोठ्या साहेबांनी बोलावलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला वजनमापे कार्यालयाची नवी शाखा उघडायची होती. तिला प्रमुख हवा होता, आणि ती खुर्ची मापट्यांचीच असं वर्षभर सगळे धरून चालले होते. मापट्यांनी तर मनातल्या मनात तिथे टेबल कुठे ठेवायचं तेही ठरवलं होतं, म्हणजे खिडकीकडे पाठ करून, की ऊन वजनांवर पडावं. इतकी वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेले काटे तपासले. एकदा तरी एखादी कचेरी आपल्या हाताने, पहिल्या दिवसापासून चोख चालवायची, ही त्यांची एकच इच्छा होती. ती त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती, कारण अशा इच्छा बोलून दाखवल्या की नासतात.

साहेब फार प्रेमळ माणूस. तेच तर संकट होतं. त्यांनी मापट्यांना बसवलं, स्वतः पंखा कमी केला, आणि नव्या शाखेला जिना किती उभा आहे ते सांगितलं. मग म्हणाले, "प्रकृती आधी, मापटे. तुमची तब्येत अशी तोळामासा. मी दवंडीचं नाव पुढे करायचं म्हणतोय."

दवंडी. ज्याला किलो आणि पाव किलो यांतला फरक फक्त भाजी आणताना कळायचा, तो. मापट्यांना एकदम घाम फुटला, आणि घाम फुटलेला पाहून साहेबांनी घाईने विचारलं की काही गोड हवंय का, साखर एकदम उतरते म्हणे.

मापट्यांनी तिथेच ठरवलं की आता पुरावाच आणायचा. साखर नसल्याचा दाखला.

डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं की असल्याचा दाखला देता येतो, नसल्याचा कसा देणार? दवाखान्यातल्या छापील कागदावर 'वरील रुग्णास' अशीच सुरुवात होती. मी रुग्ण नाही असं मापटे म्हणाले, तर रुग्ण नसाल तर रांगेत कशाला बसलात, असं कंपाउंडरने विचारलं. शेवटी डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली.

तपासणीची तऱ्हा अशी, की उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं, आणि मग पेलाभर साखरेचं पाणी प्यायचं. नुसतं गोड नव्हे. ते पाणी पेल्यात हलतही नव्हतं. तपासणीवालीने ते मापट्यांच्या हातात दिलं आणि एका दमात संपवायला सांगितलं. ज्या साखरेपासून सुटायला हा सारा खटाटोप, ती आपल्याला नाही हे सिद्ध करायला तिचाच पेला तोंडाला लावायचा. मापटे पेल्याकडे बघत राहिले. एके काळी हा माणूस असले दोन पेले हसत रिचवून तिसऱ्यासाठी सुट्टे पैसे शोधत असे. आता पहिल्याच घोटाला दात शिवशिवले, आणि निम्म्यावर येईपर्यंत डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तपासणीवाली म्हणाली, काका, सगळं संपवा हं. लहान मुलाला दूध पाजतात तसं तिने ते संपवून घेतलं.

निकाल उत्तम होता. डॉक्टर सावध गृहस्थ. त्यांनी दाखल्यावर लिहिलं, 'वरील रुग्णास आज रोजी साखर आढळली नाही.' आज रोजी कशाला, असं मापट्यांनी काकुळतीने विचारलं. उद्याचं मी कसं सांगू, असं डॉक्टर म्हणाले.

मापट्यांनी तो कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी चष्मा लावून वाचला आणि त्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, वा, गोळ्या चांगल्याच लागू पडल्या की. मापटे म्हणाले की गोळ्या घेतच नाही, मुळात साखर नव्हतीच. साहेबांनी त्यांचा हात थोपटला आणि खचून जाऊ नका, ही मनाची लढाई असते, असं सांगितलं. बाहेर दवंडी कुणाला तरी सांगत होता की आज आढळली नाही म्हणजे काल होती, सरळ आहे.

दवंडीचं काही चुकत होतं असंही नाही, हीच तर चीड होती. कागद तसाच म्हणत होता.

शेवटचा निर्णय मुख्य कचेरीच्या हातात होता. तिथून एक अधिकारी बाई आल्या. सडसडीत, करड्या केसांच्या, आणि आल्या आल्या कचेरीतला नमुन्याचा काटा कलता आहे हे सांगणाऱ्या. मापट्यांना त्या बघताक्षणी आवडल्या, कारण तो काटा कलता आहे हे तेही वर्षभर सांगत होते. साहेबांच्या खोलीत मुलाखत होती. मापटे आत गेले तेव्हा दाखला खिशात होता, आणि आज कुणीही विचारलं तरी ठणकावून 'नाही' म्हणायचं, असं ते बायकोपुढे तीनतीनदा म्हणून आले होते.

मावशी किटली आणि थर्मास घेऊन आत आल्या. बाईंनी थर्मासकडे बोट केलं आणि म्हणाल्या, मला साखर आहे. मावशींनी ओतलं. मग त्या मापट्यांकडे वळल्या. खोलीत सगळे थांबले. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"साखर आहे?" मावशींनी विचारलं.

मापट्यांच्या डोळ्यांपुढे खुर्ची आली, खिडकीतलं ऊन आलं, खिशातला कागद आठवला. ओठ नाहीच्या आकारात आले. त्याच क्षणी किटली थोडी कलली, तिच्या तोंडातून तो जाडसर गोड वास आला, आणि त्याबरोबर तपासणीचा पेला गळ्याशी आला.

"आहे," मापटे म्हणाले.

साहेबांनी डोळे मिटले. मापट्यांनाही मिटावेसे वाटले. गेली खुर्ची, असं त्यांच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर रडू आलं.

"तुम्हालाही?" बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर एकदम वेगळाच झाला होता. "गोळ्या कुठल्या?"

"नाही. गोळ्या नाहीत. फक्त सोडलं सगळं गोड. चहा बिनसाखरेचा."

बाईंनी कप खाली ठेवला. त्या साहेबांकडे वळल्या आणि म्हणाल्या की नुसत्या पथ्यावर साखर ताब्यात ठेवणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. मला स्वतःला जमलं नाही. ज्याचा स्वतःच्या जिभेवर ताबा आहे, त्याच्या हातात काटा द्यायला हरकत नाही. मग त्यांनी मापट्यांना कलत्या काट्याबद्दल विचारलं, आणि त्यावर दोघं इतका वेळ बोलले की चहा निवला.

माझंही अगदी हेच मत होतं, असं साहेब म्हणाले.

खरं सांगायची वेळ तीच होती. दाखला खिशात सळसळत होता. मापट्यांनी तो बोटांनी आणखी आत सारला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोट्या वजनावर शिक्का बसताना पाहिला आणि हात आडवा घातला नाही. ही गोष्ट त्यांना घरी जाईपर्यंत टोचत राहिली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "खोटं काय बोललात? साखर आहे म्हणालात. आहेच की, डब्यात." मग ती हसायला लागली आणि तिला आवरेना. मापट्यांना आधी राग आला आणि मग तेही हसले. दाखला तिने डब्याखाली ठेवून दिला. डबा डुगडुगत होता, तो बसला.

निरोपाच्या दिवशी कचेरीने मोठा केक आणला. त्यावर मापट्यांचं नाव क्रीमने लिहिलं होतं. कापायचा मान त्यांचा. ते कापत गेले आणि मंडळी खात गेली. दवंडीने दोनदा घेतला, कारण त्याला नवी शाखा मिळाली नसली तरी मापट्यांचं कोपऱ्यातलं टेबल मिळत होतं. मापट्यांपुढे साहेबांनी प्रेमाने एक बशी ठेवली. तिच्यात काकडीच्या चकत्या होत्या, वर्तुळात मांडलेल्या, मधोमध एक गाजर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मापट्यांनी पाहिलं, तर त्यांच्या नावाची शेवटची अक्षरं रोखपाल, साखर असूनही, भिंतीकडे तोंड करून खात होता.

गर्दी पांगली तेव्हा मावशी आवराआवर करत होत्या. मापटे त्यांच्याजवळ गेले. उद्यापासून यांच्या हातचा चहा नाही, या विचाराने त्यांना वाईट वाटलं. मावशींनाही वाटत असावं. त्यांनी कप घेतला आणि रोजच्यासारखं विचारलं, "साखर आहे?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. जाता जाता या एका माणसाला तरी खरं सांगून जावं, असं मापट्यांना वाटलं.

"मावशी, नाही हो," ते हळूच म्हणाले. "कधीच नव्हती."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. किटली उचलली आणि कप काठोकाठ भरून दिला. मापट्यांना गहिवरून आलं. मनावरचं ओझं उतरलं होतं. त्यांनी मोठा घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा काकूंच्या हिरव्या रसाला झाला होता तसा झाला.

"मावशी," ते कप लांब धरत म्हणाले, "साखर आहे."

मावशींनी किटली खाली ठेवली आणि कमरेवर हात दिला.

"साहेब, एकदा काय ते नक्की ठरवा बघू," त्या म्हणाल्या, आणि लाल झाकणाचा थर्मास शोधायला लागल्या.